प्रदर्शनात बोलून कामं मिळतात का, पुस्तकं खपतात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. १६ वर्षं नोकरी करून तुम्ही हायड्रॉलिक्सचे स्वतंत्र सल्लागार झालात. हायड्रॉलिक तेल स्वच्छ कसं ठेवावं यावर मराठीत पुस्तक लिहिलंत, पदरचे पैसे घालून ५०० प्रती छापल्यात आणि त्या सध्या दिवाणाखाली आहेत. चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये भरणाऱ्या एका औद्योगिक प्रदर्शनात अर्धा तास बोलायचं निमंत्रण आलंय, मानधन नाही, आणि आयोजकांचा माणूस ९ चौरस मीटरचा स्टॉल घ्या म्हणून मागे लागलाय. बोलून कामं मिळतील का, पुस्तकं खपतील का आणि स्टॉल घ्यावा का, हे तुम्हाला विचारायचंय.

माझं काम कॉम्प्रेस्ड एअरचं, म्हणजे दाबलेल्या हवेचं. कारखान्यात हवा कुठे गळते ते शोधायचं आणि कॉम्प्रेसरचं वीजबिल खाली आणायचं. या धंद्यात २२ वर्षं झाली, प्रदर्शनांत बोलायला लागून १४. माझंही एक मराठी पुस्तक आहे, तिसरी आवृत्ती चालू आहे. तेव्हा पुढचं सगळं या एका धंद्यातून आलेलं आहे. तुम्ही सॉफ्टवेअर विकत असतात तर उत्तर वेगळं असतं. डिसेंबरात मोशीला ‘किसान’ भरतं, तिथं ठिबकवर किंवा डाळिंबावर पुस्तक घेऊन जाणार असतात तरीही वेगळं असतं. शेतकरी स्वतःच ऐकतो, स्वतःच ठरवतो आणि खिशातून पैसे काढून पुस्तक घेतो. आपल्याकडे तसं होत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

स्टॉलचं आधी उरकतो. घेऊ नका. एकट्या सल्लागाराला स्टॉलवर मांडायला काही नसतं. भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, टेबल-खुर्च्यांचे आणि जादा प्लगचे वेगळे पैसे, आणि चार दिवस तुम्ही एका बॅनरखाली पेढ्याचं ताट घेऊन उभे. एवढ्या वेळात तुम्ही हॉलभर फिरून शंभर लोकांशी बोलू शकला असता. तुमच्याकडे भाड्यानं द्यायची, तेल गाळायची फिल्टर ट्रॉली वगैरे असेल, म्हणजे दाखवायला चालू यंत्र असेल, तर एखाद्या ओळखीच्या फिल्टरवाल्याच्या स्टॉलचा कोपरा मागा. तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय “बोलून ग्राहक मिळतात का”. मिळतात, पण तुम्हाला वाटतंय त्या वाटेनं नाही. औद्योगिक प्रदर्शनातल्या भाषणाला ऐकणारा माणूस वेगळा असतो आणि कामाच्या ऑर्डरवर सही करणारा वेगळा. समोर कोण बसतं ते आठवून बघा. मेन्टेनन्सचे इंजिनियर, सुपरवायझर, दोन-चार डिप्लोमाची मुलं, पाय दुखले म्हणून एसीत बसायला आलेली मंडळी, आणि मागच्या रांगेत आपल्याच धंद्यातला एखादा, नोंदी घेत बसलेला. ज्याच्या सहीनं पीओ, म्हणजे कामाची ऑर्डर, निघतो तो वर्कशॉपचा मालक किंवा प्लांट हेड बाहेर मशीनच्या स्टॉलवर चहा घेत असतो, किंवा आलेलाच नसतो.

मेन्टेनन्सच्या माणसाला तुमचं पटतं. त्याला तर ते तुमच्याआधीपासून माहीत असतं, कारण रात्री दोनला प्रेस बंद पडली की फोन त्याला येतो. पण त्याच्या हातात पैसे नसतात. तो माघारी जातो, दुसऱ्या दिवशी एखादा ब्रेकडाउन येतो आणि तुमचं कार्ड ड्रॉवरमध्ये पडतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: भाषण, पुस्तक, नंतरचे फोन, यांतली प्रत्येक गोष्ट ‘हा माणूस आपल्या साहेबापुढे उभा राहील तेव्हा त्याच्या हातात काय असेल’ या एका हिशेबानं ठरवा.

हे मला सुचायला दोन वर्षं आणि बरीच पेट्रोलखर्ची गेली. पहिलं भाषण २०११ सालचं. ६४ स्लाइड केल्या होत्या. पहिल्या सहा माझ्याबद्दल, मग कॉम्प्रेसरचे प्रकार, मग सूत्रं. ३० मिनिटं म्हणून सांगितलेलं, आधीचा वक्ता लांबला, मला १९ मिळाली. एकोणिसाव्या मिनिटाला मी स्क्रू कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचलो होतो. टाळ्या वाजल्या, चार पुस्तकं गेली (त्यातलं एक मेव्हण्यानं घेतलं) आणि एकही फोन आला नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, लोकांना ऐकायचंच नसतं. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं काय ते मला सांगा. मला एका वाक्यात सांगता येईना.

पुढच्या खेपेला सगळं टाकून एकच गोष्ट घेतली. ३ मिलिमीटरचं एक भोक. ७ बार दाबाला त्यातून जी हवा जाते ती तयार करायला साधारण ३ किलोवॅट वीज लागते. तीन पाळ्या, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,२०० तास. झाले २१,६०० युनिट. वीजबिलातले सगळे आकार धरून युनिटला ९ रुपये लावा: १,९४,४०० रुपये. एका हेल्परचा वर्षाचा पगार वर्षभरात त्या एका भोकातून फुस्स करत जातो, आणि असं भोक मध्यम कारखान्यात एक नसतं, डझनावारी असतात. मग कारखान्याची एकूण गळती कशी मोजायची ते सांगितलं, त्याला मी लागत नाही, मोबाइलमधलं घड्याळ लागतं. सुट्टीच्या दिवशी, सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, तो किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) ते लिहायचं. २ मिनिटं लोड, ३ मिनिटं अनलोड असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळतेय. कारखाना बंद असताना हवा दुसरं कोण वापरणार?

आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्यावर हाच हिशेब, पण आकड्यांच्या जागी रिकाम्या रेघा. त्यांनी त्यांच्या कारखान्यात जाऊन भरायच्या. खाली एका ओळीत माझं नाव आणि फोन.

सात महिन्यांनी रांजणगावच्या एका कंपनीतून प्लांट हेडचा फोन आला. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. ते म्हणाले, आमच्या एका पोरानं हा कागद भरून माझ्या टेबलावर ठेवला होता, मी आधी विश्वास ठेवला नाही, मग स्वतः उभा राहून वेळ मोजली. ते काम दोन वर्षं चाललं. कागद भरणारा मुलगा भाषणाच्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मी भाषण करून घरी आलो, खरी विक्री नंतर त्या पोरानं केली.

लक्षात घ्या, कागदावर मी माझे आकडे छापले असते तर साहेबांनी ‘हे कन्सल्टंट फुगवून सांगतात’ म्हणून तो बाजूला सारला असता. आपल्याच माणसानं आपल्याच कारखान्यात मोजलेला आकडा बाजूला सारणं अवघड असतं.

तुमच्या विषयाला हे कसं लावायचं? तुम्ही भाषणाचं नाव ‘हायड्रॉलिक यंत्रणांतील तेल-व्यवस्थापन’ असं कळवलंय. बदला. ‘बॅरलमधलं नवं तेल घाण असतं’ असं ठेवा. तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पण मशीनवर काम करणाऱ्या बहुतेकांना नवं म्हणजे स्वच्छ असंच वाटतं, आणि बॅरल उघडून ते सरळ टाकीत ओततात. हे ऐकल्यावर माणूस चमकतो. चमकला की बसतो.

मग एकच धागा धरा. ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि तेलाचा प्रवाह नेमका राखणाऱ्या सर्वो व्हॉल्व्हमधल्या फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या. म्हणजे जो कण व्हॉल्व्ह अडकवतो तो कुणाला दिसतच नाही, म्हणून ‘तेल तर चांगलं दिसतंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. तेल किती स्वच्छ आहे ते सांगणाऱ्या आयएसओ ४४०६ या मानकाचे तीन आकडे समजावायचे तर एवढंच सांगा की ते ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे आहेत आणि आकडा एकानं वाढला की कण दुप्पट होतात. १८ चे २१ झाले म्हणजे तिनानं वाढले, म्हणजे आठपट. तक्ता दाखवू नका. तक्ता पुस्तकात आहे, आणि पुस्तकात आहे हे सांगायला ती चांगली जागा आहे.

हातात वस्तू हवी. मी बरोबर एक गळका कपलर (हवेच्या नळ्या जोडायचा तुकडा) आणि साबणाच्या पाण्याची बाटली नेतो. तुम्ही पॅच टेस्टचा संच न्या. पांढऱ्या फिल्टर कागदातून नवं तेल गाळा आणि खिशातल्या मायक्रोस्कोपमधून तो कागद मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पडद्यावर दाखवा. हे तिथं प्रत्यक्ष करण्यात वेळ जाईल असं वाटत असेल तर आदल्या दिवशी करून कागद तयार ठेवा, पण मूळ बाटली समोर असू द्या. स्वच्छ दिसणारं तेल आणि काळ्या-चंदेरी ठिपक्यांनी भरलेला कागद शेजारी शेजारी पाहिल्यावर दहा स्लाइड दाखवायची गरज उरत नाही.

तुमच्या कागदावर रेघा कोणत्या? गेल्या १२ महिन्यांत किती व्हॉल्व्ह बदलले, एकाची किंमत. पंप किती वेळा उघडला. त्यापायी प्रेस किंवा मोल्डिंग मशीन किती तास उभं राहिलं, तासाला किती नुकसान. टाकीत वरून किती लिटर तेल ओतलं. बेरीज. बस. ‘ही बेरीज निम्म्यावर येईल’ असलं काही छापू नका. ते तुम्हाला त्यांचा कारखाना बघितल्याशिवाय माहीत नाही, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

वेळ २२ मिनिटांची धरून तयारी करा. उरलेली आठ मिनिटं आधीचा वक्ता, माइक आणि सत्काराचा गुच्छ खातात. वेळ उरलीच तर प्रश्न घ्या.

आता एक गोष्ट जी बाहेरगावच्या वक्त्यांना कळत नाही: गुरुवार मागून घ्या. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हाला सांगायला नको. प्रदर्शन साधारण गुरुवार किंवा शुक्रवारपासून रविवारपर्यंत चालतं. शुक्रवारी मोठ्या कंपन्यांचे इंजिनियर गेटपास काढून येतात, घाईत असतात. रविवारी घरची मंडळी आणि विद्यार्थी. गुरुवारी मात्र दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपचा मालक स्वतः येतो, कधी भावाला किंवा भागीदाराला घेऊन, आणि त्याला घाई नसते. ऐकणारा आणि सही करणारा एकच असण्याचा हा एकमेव दिवस. सकाळी ११ ते १ मधली वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. जेवणानंतरची मिळाली तर घ्या, पण आधी माइकचा आवाज तपासा, कारण अर्धे लोक पेंगत असतील.

उद्या मोशीच्या प्रदर्शन केंद्रातलं निमंत्रण आलं तर हिशेब थोडा बदलतो. चाकण नकाशावर शेजारी दिसतं, पण नाशिक हायवेनं यायला कधीकधी तास लागतो, त्यामुळे चाकणचा माणूस आला तर दिवस काढूनच येतो. शिवाय तिथं पुष्कळदा मोठ्या मंडपात बोलावं लागतं. पंख्यांचा, जनरेटरचा आणि शेजारच्या स्टॉलवरच्या निवेदिकेचा आवाज. तिथं बारीक युक्तिवाद चालत नाही, वस्तू आणि दोन आकडे चालतात.

आयोजकांना होकार कळवण्याआधी काही गोष्टी ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘हो सर, करू की’ धरू नका. बोलायची जागा बंद खोली आहे की हॉलच्या मधोमध उघडं स्टेज? दाराबाहेर पुस्तकांचं एक टेबल लावू देणार का? स्टॉल न घेता विक्री केली म्हणून ऐन वेळी सुरक्षा रक्षक टेबल हलवतो, हे माझ्या बाबतीत झालेलं आहे, आणि त्या दिवशी मी ४० पुस्तकं खांद्यावर घेऊन पार्किंगपर्यंत गेलो. हजर राहणाऱ्यांची यादी मिळेल का? बहुधा ‘नाही’ येईल, म्हणून स्वतःची वही ठेवा. आणि हा कार्यक्रम कोणी प्रायोजित केलाय? हा प्रश्न महत्त्वाचा. एकदा मला एका कॉम्प्रेसर विकणाऱ्या कंपनीच्या बॅनरखाली बोलायला उभं केलं. मी त्यांचा एक शब्द उच्चारला नाही, तरी संध्याकाळी एक गृहस्थ म्हणाले, “तुमचं कमिशन किती असतं?” सल्लागाराची सगळी पुंजी म्हणजे तो कुणाचा माणूस नाही ही समजूत. तेलाच्या कंपनीच्या बॅनरखाली ‘नवं तेल घाण असतं’ सांगायला तुम्हाला तसंही कुणी बोलावणार नाही म्हणा.

मानधन नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, मलाही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. पण मानधनाऐवजी गुरुवारची वेळ, बंद खोली आणि पुस्तकांचं टेबल मागितलं तर लोक देतात, कारण त्यांना त्यात खर्च नसतो.

भाषा. पडद्यावर इंग्रजी संज्ञा, तोंडात मराठी, आणि समोर चाकणची तरुण मंडळी असतील तर मध्येच हिंदी. पुण्यात हे खपून जातं. फक्त आयोजकांना आधी कल्पना द्या.

पुस्तकाकडे वळतो. फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, तिथं येणारा माणूस पुस्तकासाठीच घराबाहेर पडलेला असतो. औद्योगिक प्रदर्शनात आलेल्या माणसाच्या मनात पुस्तक हा विषयच नसतो. त्याच्या हातात आधीच तीन कॅटलॉगच्या पिशव्या आहेत. तेव्हा भाषण संपल्यावर दाराशी पहिल्या दहा मिनिटांत जे खपेल ते खपेल, बाकी दिवसभर टेबलावर बसून फारसं काही होत नाही.

त्या दहा मिनिटांची तयारी मात्र चोख हवी. टेबलावर तुम्ही स्वतः बसू नका. तुम्ही प्रश्न विचारणाऱ्यांच्या घोळक्यात असणार. घरातलं कुणीतरी बसवा, माझ्याकडे पुतणी येते. किंमत गोल आकड्यात, म्हणजे २५० किंवा ३००. २७५ ठेवलीत तर सुट्ट्या पैशांपायी तीन गिऱ्हाइकं जातात. यूपीआयचा क्यूआर कोड मोठा छापा, आणि पत्र्याच्या हॉलमध्ये नेटवर्क दगा देतं म्हणून थोडी रोकड बाळगा.

आणि बिलबुक न्या. हे मला फार उशिरा कळलं. कंपनीतला इंजिनियर पुस्तक खिशातून घ्यायला कांकूं करतो, पण बिल मिळणार असेल तर कंपनीच्या खर्चात टाकता येईल म्हणून पटकन घेतो. बिलबुक ठेवायला लागल्यापासून माझी दारातली विक्री जवळजवळ दुप्पट झाली. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, तुमच्या सल्ल्याच्या कामावर नोंदणी असेल तर १८ टक्के. दोन्हींची बिलं वेगळी फाडा. प्रशिक्षणाच्या फीमध्ये पुस्तक ‘मोफत’ असं लिहून सरमिसळ करू नका, आणि पुढचं तुमच्या सीएंना विचारा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलाय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर पुढच्या छपाईला घ्या. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून तो ऑनलाइन, फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी. कंपनीच्या ग्रंथालयाला किंवा पॉलिटेक्निकला पुस्तक विकायचं तर ते हा क्रमांक विचारतात.

पण दारातल्या विक्रीवर ५०० प्रती संपवायचा बेत असेल तर मनातून काढा. पुस्तक खपतं ते गठ्ठ्यानं. एखाद्या कंपनीत तुम्ही ऑपरेटर आणि फिटरना एक दिवस शिकवायला जाता, तेव्हा माणशी एक प्रत. २५ माणसं, २५ प्रती, एकाच बिलात. इथं तुमचं पुस्तक मराठीत असणं कामी येतं. तेलाचे तक्ते, यंत्राची मॅन्युअल्स इंग्रजीत येतात, कधी जर्मन किंवा जपानी, आणि ती साहेबांच्या कपाटात राहतात. फिटरला वाचता येईल असं काही देणारा माणूस एचआरवाल्यांना हवा असतो. माझ्या दुसऱ्या आवृत्तीतल्या निम्म्याहून जास्त प्रती अशाच गेल्या. वितरकांकडेही ठेवून पाहिलं. ते ४० टक्क्यांच्या आसपास कमिशन घेतात आणि अप्पा बळवंत चौकात माणूस दहावी-बारावीची पुस्तकं घ्यायला जातो, कॉम्प्रेसरची नाही. त्यात त्यांची काही चूक नाही.

काही प्रती फुकट द्यायच्या असतात, पण कुणाला ते बघून. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना देऊ नका, ती गुच्छाबरोबर गाडीत राहते. जो तरुण इंजिनियर नेमका प्रश्न विचारतो त्याला द्या, आणि आत त्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पानावर आहे तिथं पेन्सिलनं खूण करून द्या. ते पुस्तक कारखान्यात जातं आणि साहेबांच्या टेबलापर्यंत पोचतं. एका कारखान्यात मला माझंच पुस्तक तेलकट हातांच्या ठशांनी भरलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं दिसलं. सत्कारापेक्षा बरं वाटलं.

भाषण संपलं की “सर, दोन मिनिटं” म्हणणाऱ्यांचा घोळका होतो. त्यात एक जण असतो ज्याला पूर्ण निदान तिथंच, उभ्या उभ्या आणि फुकट हवं असतं. त्याला झिडकारू नका, पण माझा नियम असा: एका प्रश्नाचं मनापासून उत्तर, दुसऱ्याला ‘हे बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही’. आणि मग ठरलेलं वाक्य येतं, “मग एकदा येऊन बघून जा ना.” पहिली पाच वर्षं मी जात असे. तळवड्यापासून पिरंगुटपर्यंत फुकट चहा प्यायलो. आता पहिल्या भेटीची फी सांगतो, काम मिळालं तर ती बिलातून वळती करतो. फी ऐकून जे गप्प होतात ते तसेही काम देणार नव्हते. सुरुवातीला हा आकडा तोंडातून काढताना जीभ जड होते, म्हणून मी तो त्या कागदाच्या खालीच छापून टाकला. छापलेल्या आकड्याशी लोक सहसा घासाघीस करत नाहीत.

वहीत नाव-फोनाच्या पुढे एक रकाना ठेवा, ‘काय अडलंय’. ‘१५० टन प्रेस, व्हॉल्व्ह अडकतो, पावसाळ्यात जास्त’ एवढं लिहिलं तरी चालेल. तीन दिवसांच्या आत त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच अडचणीबद्दल चार ओळी आणि पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवा. ब्रोशर पाठवू नका. ‘भेटून आनंद झाला’ असा सगळ्यांना एकच मजकूर तर अजिबात नको. मग महिन्यानं एकदा, ‘तो कागद भरला का?’ एवढंच विचारा. भरला नसेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. भरला असेल तर साहेबांची वेळ मागा, आणि भेटायला जाताना त्या मुलाला शेजारी बसवा. आकडे त्यानं काढलेत, श्रेय त्याचं आहे. हे तुम्ही साहेबांसमोर बोलून दाखवलंत तर तो मुलगा नोकरी बदलेल त्या प्रत्येक कंपनीत तुम्हाला बोलावेल. माझे तीन ग्राहक असेच एका माणसाबरोबर फिरत आलेत.

आता ‘किती’ हा प्रश्न. माझ्या वहीतल्या गेल्या चार वर्षांचा हिशेब: ११ भाषणं, फी देऊन झालेल्या पहिल्या भेटी १४, त्यातून कामं ६, दारात विकलेली पुस्तकं २१०. म्हणजे भाषणामागे १९ पुस्तकं आणि अर्धं काम. पहिलं काम भाषणानंतर सरासरी पाच-सहा महिन्यांनी आलं. तुमचा आकडा याहून वर जाईल की खाली, हे तुमच्या कामाच्या किमतीवर आहे. माझं एक काम काही महिने चालतं, म्हणून मला अर्धंही परवडतं. तुम्ही फक्त दिवसाच्या फीवर काम करत असाल तर परवडणार नाही. आणि पुढच्या दोन महिन्यांत घराचा हप्ता भरायला काम हवं असेल तर प्रदर्शनाच्या भरवशावर राहू नका. जुन्या कंपनीतले जे सहकारी आता दुसरीकडे आहेत त्यांना आजच फोन लावा. त्यात कमीपणा नाही.

अगदी पहिल्यांदाच बोलणार असाल तर प्रदर्शनाआधी एकदा लहान जागी बोलून घ्या. मराठा चेंबर ही पुण्यातली उद्योजकांची संस्था १९३४ पासून आहे, त्यांच्याकडे उद्योजकांसाठी छोटी सत्रं होत असतात. जंगली महाराज रस्त्यावर इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सचं पुणे केंद्र आहे. तिथं वीस-पंचवीस जाणती माणसं भेटतात आणि निवृत्त मंडळी चुका तोंडावर सांगतात. मला एकानं सांगितलं होतं, “तुम्ही बारचं पीएसआय करताना चुकलात.” (दोन्ही दाब मोजायची एककं.) सगळ्यांसमोर. प्रदर्शनात चुकलो असतो तर कुणी सांगितलंही नसतं, नुसते उठून गेले असते.

५०० पैकी ६० प्रती न्या. आदल्या रात्रीच गाडीत ठेवा, सकाळी ऑटो क्लस्टरजवळच्या सायन्स पार्कच्या बाजूला पार्किंगसाठी फिरावं लागतं आणि खोकी लांबून उचलून आणताना दम लागतो. कागदाच्या मात्र २०० प्रती काढा, तो कुणाला नाही म्हणू नका, एसीत बसायला आलेल्यांनाही द्या. रांजणगावचा तो मुलगा मला आधी त्यांच्यातलाच वाटला होता.

गुरुवार मिळाला का ते इथं कळवा. कागदाचा मसुदा टाकलात तर रेघा कमी-जास्त करून देतो.